घरचा सांबा, भाग २: एकाच नावाची दोन फोल्डर

मागच्या भागात रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक राउटरशेजारी बसवून डेबियन लिनक्सवर सांबा, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइली वाटणारा प्रोग्राम, चालू करण्यापर्यंत आलो होतो. घरातली मंडळी तीच: माझा उबुंटूचा डेस्कटॉप, बाबांचा विंडोज ११चा लॅपटॉप, ताईचं मॅकबुक आणि तिचा जुना आयमॅक. बाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेल्या मैफली त्या आयमॅकमध्ये पडून होत्या. आता सगळे एकाच शेअरवर, म्हणजे नेटवर्कवर उघडलेल्या फोल्डरवर, वाचतात आणि लिहितात. डिस्क ३.५ इंची घेतली, कारण तिला स्वतःचा अडॅप्टर असतो. पायच्या चार यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, त्यावर मोठी डिस्क ओढायला जाऊ नका. फाइल सिस्टिम लिनक्सची ईएक्सटी४. विंडोजचं एनटीएफएस चाललं असतं, पण परवानग्यांचा खेळ लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर जितका सरळ आहे तितका तिथे नाही.

आधी वेगाचं. डेस्कटॉपवरून फाइल टाकली की सेकंदाला ११ एमबीच्या वर काटा सरकेना. डिस्कवर संशय घेण्याआधी जोडणीचा वेग दाखवणारं एथटूल चालवलं, तर जोडणी १०० एमबीपीएसची. हॉलपासून खोलीपर्यंत वायर ओढणाऱ्याने कनेक्टरमध्ये आठपैकी चारच तारा बसवल्या होत्या. शंभरच्या जोडणीला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. नेट व्यवस्थित चालत असल्याने इतकी वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही. क्रिम्पिंग टूल आणून दोन्ही टोकं नव्याने केली आणि मोठी फाइल शंभर एमबीच्या पुढे पळायला लागली. कोणी ‘सांबा हळू आहे’ म्हणालं तर आधी त्याच्या वायरीचं टोक बघा.

दुसरं, पासवर्ड. ‘घरातच तर आहे, गेस्ट ठेवू’, म्हणजे पासवर्डाविना सगळ्यांना आत येऊ देऊ, हा मोह सगळ्यांना होतो. आता तो चालत नाही. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती एसएमबीच्या (सांबा आणि विंडोज फाइलींसाठी जी भाषा बोलतात ती) प्रत्येक निरोपावर सही मागते. त्या सहीची किल्ली पासवर्डातून तयार होते आणि गेस्टला पासवर्डच नसतो. त्यावर रजिस्ट्रीतले उपाय सापडतात, पण मी ते केले नाहीत. प्रत्येकाला पायवर खातं दिलं आणि एसएमबीपासडब्ल्यूडी या कमांडने सांबाचा पासवर्ड वेगळा लावला. लिनक्सचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, हे नव्याने येणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं. बाबांच्या लॅपटॉपवर झेड ड्राइव्ह जोडून दिला. त्यांची अट एकच होती, “मला लाल फुली दिसता कामा नये.” फुली दिसलीच, कारण मी आधी माझ्या नावाने चाचणी केली होती आणि विंडोज एका सर्व्हरवर एका वेळी दोन नावांनी जाऊ देत नाही. विंडोजच्या ‘नेट यूज’ कमांडने जुनी जोडणी काढली की काम होतं.

सगळ्यांच्या फाइली सगळ्यांना बदलता याव्यात म्हणून ‘घर’ नावाचा एक ग्रुप केला. शेअरमध्ये फोर्स ग्रुप लावला, क्रिएट मास्क ०६६०, डिरेक्टरी मास्क २७७०, म्हणजे नवी फाइल किंवा फोल्डर त्याच ग्रुपचं होतं आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना त्यात लिहिता येतं. मॅकसाठी सांबाच्या जोड-मॉड्यूलांच्या, म्हणजे व्हीएफएस ऑब्जेक्ट्सच्या, ओळीत कॅटिया, फ्रूट आणि स्ट्रीम्स एक्सअ‍ॅटर, याच क्रमाने. म्हणजे मॅकच्या टिंब-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या जादा फाइलींच्या पिलावळीने फोल्डर भरत नाही. नेटवर्कच्या यादीत पाय आपोआप दिसावा म्हणून विंडोजसाठी डब्ल्यूएसडीडी आणि मॅकसाठी अवाही. यात सांगण्यासारखं काही नाही, बसवलं आणि चाललं.

आता खरी गंमत. आयमॅकवरच्या मैफली आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने पायवर ओढल्या. त्यातलं एक फोल्डर ‘कऱ्हाड’. दोन दिवसांनी बाबांनी त्यांच्याकडच्या पेनड्राइव्हमधून काही रेकॉर्डिंग टाकलं आणि विचारायला आले, “अरे, कऱ्हाड दोनदा का दिसतंय?” खरंच दोन फोल्डर, वाचायला एकच नाव. एका फोल्डरात आयमॅकवरच्या मैफली, दुसऱ्यात बाबांनी टाकलेल्या. शोध घ्यावा तर एकच सापडायचं, तेही कोणत्या मशीनवरून शोधताय त्यावर.

फोल्डरांची यादी देणाऱ्या एलएसचं आउटपुट बाइट दाखवणाऱ्या एक्सएक्सडीतून काढलं तेव्हा उलगडलं. बाबांच्या फोल्डरात ‘ऱ’ हे एकच चिन्ह होतं, बाइट ई० ए४ बी१. आयमॅकवरून आलेल्या फोल्डरात त्याच जागी साधा ‘र’ आणि पाठोपाठ नुक्ता (अक्षराखालचं टिंब), म्हणजे तीनऐवजी सहा बाइट. युनिकोडमध्ये दोन्ही समान मानले जातात: जोडलेलं रूप एनएफसी, सुटं रूप एनएफडी. पण आयमॅकची जुनी एचएफएस प्लस (मॅकची आधीची फाइल सिस्टिम) डिस्क नावं अशी सुटी करूनच ठेवते, विंडोज जे टाइप केलं ते ठेवतं आणि ईएक्सटी४ला भाषेशी काही देणंघेणं नाही, ती फक्त बाइट बघते. इंग्रजी नावांना याची झळ लागत नाही. हिंदीतली नुक्त्याची अक्षरं, क़ आणि ज़ वगैरे, जोडण्याच्या नियमातून मुद्दाम वगळलेली आहेत, ती दोन्ही रूपांत सुटीच राहतात. आपला ‘ऱ’ मात्र जोडला जातो. म्हणजे कऱ्हाड, गोऱ्हे, दुसऱ्या, सातारच्या वाऱ्या हे सगळं खास आपल्या वाट्याला आलेलं.

उपाय कॉन्व्हएमव्ही, फाइलींच्या नावांचं एन्कोडिंग बदलणारा प्रोग्राम. यूटीएफ८ ते यूटीएफ८, एनएफसीचा पर्याय आणि आतल्या फोल्डरांसाठी आर. ते आपणहून काही बदलत नाही, नुसतं काय बदलेल ते दाखवतं. नोटेस्ट हा पर्याय दिला तरच नावं बदलतात. समोर त्याच नावाचं काही आधीच असेल तर ते थांबतं, त्यामुळे ही दोन फोल्डर मी हाताने एक केली. पुढच्या वेळी आयमॅकवर आरसिंक चालवून पायवर पाठवताना त्यालाच आयकॉन्व्ह या पर्यायात ‘यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८’ सांगायचं. त्याला आरसिंक ३ लागतं. मॅकसोबत आलेलं जुनं २.६.९ ते ओळखत नाही.

एवढ्यानेही एक फोल्डर सुटलं. त्यात ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, मग ‘ह’. ही ‘ऱ्ह’ लिहिण्याची जुनी रीत, काही कीबोर्ड अजून तशीच टाइप करतात. एनएफसी या जॉइनरला हात लावत नाही. ते नाव पुसून पुन्हा टाइप केलं.

याच्याच पोटातली दुसरी अडचण: ईएक्सटी४मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, तीन बाइटचं. म्हणजे ८५ चिन्हं. विंडोज २५५ चिन्हांपर्यंत जाऊ देतं. बाबांची फाइलला नाव देण्याची पद्धत म्हणजे अख्खी निमंत्रणपत्रिका: गायक, राग, साथीदार, सभागृह, तारीख. लॅपटॉपवर ते नीट राहतं, पायवर कॉपी होत नाही. आता राग आणि तारीख नावात, बाकी सगळं एमपी३च्या टॅगमध्ये. बाबांना हे फारसं पटलेलं नाही.

टीव्हीशेजारचा जुना मीडिया प्लेअर फक्त एसएमबी १ बोलतो. सांबाने ४.११पासून ते मुळातच बंद ठेवलंय आणि मे २०१७मध्ये फाइली ओलीस धरणारा वॉनाक्राय याच दारातून पसरला होता, त्यामुळे एका खोक्यासाठी ते उघडणार नाही. त्याला मिनीडीएलएनए, म्हणजे गाणी पुरवणारा वेगळा प्रोग्राम, दिलं, गाणी वाजतात.

सध्या ताईच्या मॅकबुकचा टाइम मशीन (मॅकची बॅकअपची सोय) शेअर लावतोय. फ्रूटमध्ये टाइम मशीनला कमाल आकार नक्की द्या, नाहीतर बॅकअप अख्खी डिस्क गिळतो. पहिला बॅकअप वायरवरून चालू आहे. दिवे गेले तर म्हणून पाय, डिस्क आणि राउटर तिन्ही इन्व्हर्टरवर घेतलेत. मैफलींच्या दुसऱ्या प्रतीसाठी वेगळी डिस्क घ्यायची आहे. घरी अशी दुसरी प्रत आपोआप काढणारी आणि झाल्यावर डिस्क बंद करणारी सोय कोणी केली असेल तर कशी केली ते कळवा.