सोन्याला पिवळा, हिऱ्याला पांढरा

जळगावातल्या एका नव्या दागिने आणि घड्याळांच्या शोरूमचं इंटीरियर आज हातावेगळं झालं. आठ महिने दुसरं काही सुचलं नव्हतं.

सगळ्यात जास्त जीव काढला तो उजेडाने. सोनं ३००० केल्व्हिनच्या (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर उजेडात खुलतं. हिरा मात्र त्यात मलूल दिसतो, त्याला ४००० च्या वरचा पांढरा लागतो. दोन्ही उजेड एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये सागवानी जाळी उभी केली. घड्याळांचं दुखणं वेगळंच! वरचा दिवा काचेवर चमकला की तबकडीच दिसत नाही. शेवटी शोकेसच्या आतल्या पुढच्या कडेत दिवे तिरपे लपवले, तेव्हा कुठे काटे नीट दिसायला लागले.

अमळनेरहून आजीला मुद्दाम आणलं होतं. तिने सराफ बाजारातल्या जुन्या पेढ्या पाहिल्यात. पांढरी गादी, लोड, छोटा तराजू, मागे तिजोरी. दारातच थबकली. "माय वं, आठे ते डोया दिपी ग्यात!" आणि मग बसायला जागा शोधू लागली. काउंटरसमोरच्या उंच स्टुलावर तिला चढवेना. इतकी ड्रॉइंग्ज काढली, पण दुखरे गुडघे माझ्या लक्षात आले नाहीत. फार वाईट वाटलं.

मालकांशी तिथेच बोलले, ते लगेच हो म्हणाले. सोन्याच्या बाजूला कोपऱ्यात सव्वा फूट उंचीची गादीची बैठक, पाठीला लोड, समोर बुटका काउंटर. उद्या सकाळी सुतारदादांना मापं द्यायचीत.