आता कोणातून काढायलास?

आमच्या प्रशालेत संभाव्यतेचे शिक्षण नाणी, फासे आणि पत्ते यांवर थांबले नाही, याबद्दल मी गणिताच्या सरांचा कायमचा ऋणी आहे. बारावीला सशर्त संभाव्यता, म्हणजे एखादी गोष्ट आधीच कळलेली असताना दुसरीची संभाव्यता, शिकवताना त्यांनी फळ्यावर एक काल्पनिक गाव मांडले: शेतकरी 50, सोयाबीन पेरणारे 30, विहीर असलेले 20 आणि दोन्ही असलेले अवघे 8.

यदृच्छया निवडलेल्या शेतकऱ्याकडे दोन्ही असण्याची संभाव्यता 8/50, एवढे सर्वांना येई. मग सर सांगत, ‘निवडलेल्याची विहीर आहे’, आणि विहीर नसलेल्यांचा अख्खा रकाना तळहाताने पुसून विचारत, “आता कोणातून काढायलास?” उरलेल्या 20 जणांतून 8, म्हणजे 2/5. उलट, सोयाबीनवाला निवडला असून त्याची विहीर असण्याची संभाव्यता हवी असेल, तर 30 पैकी 8, म्हणजे 4/15. अंशस्थानी तेच आठ शेतकरी राहतात, छेद मात्र बदलतो. संयुक्त संभाव्यतेला (दोन्ही गोष्टी एकत्र असण्याच्या संभाव्यतेला) अटीच्या संभाव्यतेने भागायचे ते यासाठीच.

विहिरीची माहिती नसताना सोयाबीनची संभाव्यता 3/5 होती, ती कळताच 2/5 झाली. म्हणजे या घटना स्वतंत्र नाहीत, आणि 3/5 व 2/5 यांचा सरळ गुणाकार करून संयुक्त संभाव्यता 6/25 लिहिणे चूक ठरते. याचे कारण आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना समजावून सांगावे लागले नाही, कारण हाताशी पाणी असलेला माणूस ऊस किंवा हळद लावतो आणि कोरडवाहूवाला सोयाबीनकडे वळतो.

पुढे वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करताना हाच प्रश्न रोज समोर येऊ लागला. समजा, 1000 जणांत 10 आजारी आहेत. चाचणी त्यांतील 9 जणांना ओळखते, पण 990 निरोगी लोकांपैकी 99 जणांनाही पॉझिटिव्ह दाखवते. आजारी माणूस पॉझिटिव्ह येण्याची संभाव्यता 9/10 आहे, पण पॉझिटिव्ह आलेला माणूस आजारी असण्याची संभाव्यता 108 पैकी 9, म्हणजे केवळ 1/12. अटीची दिशा अशी उलटवण्याचा विचार इंग्रज धर्मगुरू व गणिती थॉमस बेझ यांच्या निबंधात आहे. तो त्यांच्या मृत्यूनंतर, 1763 मध्ये, प्रसिद्ध झाला. घाबरलेल्या नातेवाइकांना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवतो. तेवढ्याच अचूकतेची, पण पहिलीच्या चुकांशी संबंध नसलेली दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर आजारी असण्याची संभाव्यता 1/12 वरून 9/20 वर जाते, कारण या वेळी निवड 1000 जणांतून नव्हे, त्या 108 जणांतूनच सुरू होते.