पाच नंबरची मुकी पिन

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला तेव्हा मीही आधी संस्कार, गुरुजन, पावसातली शाळेची वाट असं लिहायला बसलो होतो. दोन ओळींतच कंटाळा आला. खरं सांगायचं तर शाळा म्हटलं की मला आठवतं ते कॉम्प्युटरच्या पाठीमागचं पंचवीस भोकांचं सॉकेट. त्याच्याबद्दलच लिहितो. संपादक मंडळाने गोड मानून घ्यावं.

१९९९ साली मी आठवीत होतो. कोकण रेल्वे पूर्ण सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आपल्या गावच्या मुंबईकर मंडळाने कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, ४८६ प्रोसेसरचा एक कॉम्प्युटर शाळेला दिला. देवगडकडे परत येणाऱ्या टेम्पोत, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांच्या मधोमध बसून तो आला, सोबत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. कॉम्प्युटर टिकला. प्रिंटरने दुसरा पावसाळा काही बघितला नाही. आपल्याकडची खारी हवा खिडकीचे गज खाते, तिथे प्रिंटरच्या बारीक स्प्रिंगांचा काय पाड!

विज्ञानाच्या सरांनी त्या प्रिंटरकडे दोन दिवस पाहिलं आणि म्हणाले, "प्रिंटर गेला, पण त्याची केबल कुठे गेलीय?" पक्कड घेऊन त्यांनी ती केबल प्रिंटरच्या बाजूने कापली. आत रंगीबेरंगी वायरींची जुडी. कुठली वायर कुठल्या पिनेची ते मल्टिमीटर लावून शोधायचं काम माझ्याकडे आणि माझ्या बाकावरच्या सोबत्याकडे आलं. तो पिनेला टोक लावायचा, मी वायरींना एकेक करून. बीप वाजली की कागदावर लिहायचं: दोन, तांबडी, तीन, नारिंगी. दोन मधल्या सुट्ट्या त्यात गेल्या.

त्या सॉकेटचं मूळ काम प्रिंटरला अक्षरं पोचवायचं. एका अक्षराचे आठ बिट, म्हणजे आठ शून्य-एक, आठ वायरींवरून एकदम जातात, म्हणून त्याला पॅरलल पोर्ट म्हणायचं. २ ते ९ या पिना त्या आठ बिटांच्या. १८ ते २५ सगळ्या ग्राउंड. उरलेल्या निरोपानिरोपीच्या, म्हणजे कागद संपला, थांब, पाठव अशा. सर म्हणाले, "कॉम्प्युटर नुसतं पिनेवर पाच व्होल्ट ठेवतो नाहीतर काढून घेतो. समोर प्रिंटर आहे की तुमची टाळकी, त्याला काय कळतंय!"

मग त्यांनी फळ्यावर ३७८ लिहिलं. हा पोर्टचा पत्ता, पण दहाऐवजी सोळाच्या पटीने मोजायच्या पद्धतीतला. तीन गुणिले दोनशे छप्पन्न, सात गुणिले सोळा आणि आठ. बेरीज ८८८. बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'आऊट ८८८, १' लिहून एंटर मारलं, आणि बुटाच्या खोक्यात खोचलेल्या आठ एलईडींपैकी पहिली लागली. २ लिहिलं की दुसरी, ४ ला तिसरी, ८ ला चौथी, १२८ ला शेवटची. २५५ ला सगळ्या. १७० आणि ८५ आळीपाळीने पाठवले की एकाआड एक लुकलुकायच्या. त्या दसऱ्याला सरस्वतीच्या पाटाभोवती जी आरास होती ती हीच. मुलींनी काढलेल्या रांगोळीचं कौतुक जास्त झालं, तो भाग वेगळा.

पण दसऱ्यानंतर एक गोष्ट झाली आणि ती मी पंचवीस वर्षं नीट कबूल केलेली नाही. एका शनिवारी सर नसताना मी कपाटातला सहा व्होल्टचा रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, घेतला आणि त्याची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) सरळ पाच नंबरच्या पिनेला जोडली. एलईडी लागते, मग रिले का नाही ओढणार? रिले हललासुद्धा नाही. मी चार-पाच वेळा काढ-घाल केली. सोमवारी पाच नंबरच्या पिनेवरची एलईडी लागेना. बदलून बघितली, वायर बघितली, काही नाही. पिनच मेली होती. ती आठाची पिन. त्या दिवसापासून आपल्या शाळेच्या कॉम्प्युटरला ८ म्हणता येईना.

सर ओरडले नाहीत. विचारलं, "कॉइल किती ओहमची?" मोजली, शंभरच्या आसपास. "पाच व्होल्ट भागिले शंभर?" पन्नास मिलिअँपिअर. "आणि पिन देणार दोन-चार. तू पोराच्या डोक्यावर नारळाचं पोतं दिलंस." वर हेही सांगितलं, की कॉइलचा करंट एकदम तोडला की ती उलटा झटका देते, म्हणून तिच्यावर उलटा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावायचा असतो. हे पुढे मी डिप्लोमाच्या पुस्तकात वाचलं तेव्हा नवीन काहीच नव्हतं.

खरा उपाय सरांच्या मेहुण्यांबरोबर मुंबईहून आला. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली सोळा पायांची एक चिप, यूएलएन २००३. पिनेने नुसती खूण करायची. ओझं ही चिप उचलते, एका वाटेने अर्धा अँपिअरपर्यंत, आणि झटक्याचे डायोड तिच्या पोटातच असतात. तिच्यात वाटा सात. आमच्या जिवंत पिनाही सातच उरल्या होत्या. सर म्हणाले, "बघ, तुझा गुन्हा पदरात पडला." बारा व्होल्टचे रिले, एक बॅटरी एलिमिनेटर, आणि एलिमिनेटरचा मायनस पोर्टच्या ग्राउंडला जोडायला विसरलो म्हणून गेलेली एक अख्खी दुपार. हे ज्यांनी केलंय त्यांना कळेल.

आता घंटा. ऑफिसातलं बटण दाबून शिपाईमामा तासाची घंटा द्यायचे. सरांच्या मनात आलं, ती कॉम्प्युटरने द्यावी. २३० व्होल्टची बाजू त्यांनी स्वतः जोडली, आम्हाला हात लावू दिला नाही. प्रोग्राम माझा: कॉम्प्युटरचं घड्याळ बघत राहायचं, तासाची वेळ आली की ८८८ वर १, पाच सेकंदांनी ०. मामा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "कॉम्प्युटर घंटा वाजयतलो, मगे मी काय करू?" आम्ही हसलो. आज ते हसणं आठवलं की जरा खाली बघावंसं वाटतं.

तीन दिवस झकास चाललं. चौथ्या दिवशी प्रार्थना सुरू असताना लाईट गेली आणि मिनिटाभरात आली. कॉम्प्युटर आपोआप चालू झाला. चालू होताना तो स्वतःची तपासणी करतो, तेव्हा या पिना मनाला येईल तशा वर-खाली होतात. प्रिंटरला त्याचं काही नसतं. घंटेला असतं. ती जी वाजायला लागली ती थांबेचना. पाचवीची पोरं दप्तरं घेऊन फाटकापर्यंत पोचली. मुख्याध्यापक आमच्या विज्ञानाच्या सरांना एवढंच म्हणाले, "शाळा सोडायचा अधिकार अजून माझ्याकडेच आहे ना?"

त्याच दिवशी रिलेच्या बारा व्होल्टच्या वायरीत एक साधा स्विच बसला. कॉम्प्युटर पूर्ण चालू झाला, प्रोग्राम लागला, की मगच तो टाकायचा. लाईट गेली की आधी पाडायचा. हे काम मामांकडे आलं. शिवाय मदरबोर्डवरचा सेल संपलेला असल्यामुळे लाईट जाऊन आली की कॉम्प्युटर १ जानेवारी १९८० च्या मध्यरात्री जागा व्हायचा. त्याला वेळ सांगायची तीही मामांच्या मनगटावरच्या घड्याळातून. पुढे ते येईल त्याला दाखवायचे, "ह्येचा माझ्याशिवाय चलत नाय." खरंच होतं ते.

टाकी भरल्याचं कळवणारा फ्लोट स्विच आम्ही अकरा नंबरच्या पिनेला जोडला होता. त्याची हकिगत एका वाक्याची आहे: टाकी ओसंडून व्हरांड्यात पाणी आलं तरी कॉम्प्युटर 'रिकामी' म्हणत राहिला, कारण ८८९ या शेजारच्या पत्त्यावर पिना वाचताना ती एकच पिन सॉकेटच्या आत उलटी होऊन येते आणि शेजारच्या दहा, बारा, तेरा सरळ. दोन दिवस आम्ही फ्लोटला दोष देत होतो.

पुढे मालवणला डिप्लोमा केला. तिथल्या विंडोज एक्सपीच्या मशीनवर साध्या प्रोग्रामला पोर्टला सरळ हात लावता येईना; आता मधे ड्रायव्हर, म्हणजे तशी परवानगी असलेला मध्यस्थ प्रोग्राम, लागत होता. नंतर लॅपटॉपला ते सॉकेटच राहिलं नाही. यूएसबीतून पॅरलल काढून देणारी केबल मी हौसेने आणली, तर ती फक्त प्रिंटरशी बोलणारी. तिच्यात ८८८ नावाचं घर नाही. आता पोरं आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड वापरतात, मीही वापरतो, सोपं आहे. पण त्याच्यावरही पोरांनी मोटर सरळ पिनेला लावली की मला तो शनिवार आठवतो.

महोत्सवाच्या बैठकीसाठी मे महिन्यात शाळेत आलो होतो. प्रयोगशाळेच्या कपाटात, खालच्या फळीवर, तो बुटाचा खोका अजून आहे. सॉकेटच्या पिनांवर हिरवट चढलंय, रिलेची टोकं काळी पडलीत, पण चिप धडधाकट दिसते. नव्या मुलांना हवी असेल तर खुशाल काढून घ्यावी. त्यातली एक वायर मोकळी लोंबतेय आणि तिला चिकटपट्टी लावून सरांनी बारीक अक्षरात '५' लिहिलंय. ती तुटलेली नाही. जोडायला जाऊ नये.