शिरपूर ते फुन्त्शोलिंग, आणि गेट बंद होतं तेव्हाची गोष्ट

ऑक्टोबरात आईला घेऊन भूतानला जाऊन आलो, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून इथे एकत्रच लिहितो. भुसावळला गुवाहाटीकडची गाडी धरली आणि न्यू जलपाईगुडीला उतरलो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी शेवटपर्यंत पुरली. तिथून गाडीने चार-साडेचार तासात जयगाव. जयगाव आपलं, सीमेवरच्या गेटच्या आत फुन्त्शोलिंग त्यांचं. आपल्याकडे पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश लागतो ना, तितकं जवळ.

मोठ्या माणसांना वोटर कार्ड किंवा पासपोर्ट लागतो, आधारवर सोडत नाहीत. भूतान सरकारची पर्यटक फी माणशी एका रात्रीचे 1200 रुपये, 6 ते 12 वर्षांच्या पोरांना निम्मी. आपले रुपये चालतात, शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. परमिटवर कुठल्या गावांची नावं आहेत ते तिथेच वाचून घ्या. थिंफू 2300 मीटरवर आहे, म्हातारी माणसं सोबत असतील तर पहिला दिवस नुसता आराम करा, आईला थोडी धाप लागली होती.

खरं लिहायचंय ते आमच्या ड्रायव्हरबद्दल. त्याची भाड्याची खोली जयगावला, कारण तिकडे भाडं कमी. 23 मार्च 2020 ला कोविडमुळे भूतानने सीमा बंद केली तेव्हा तो अंगावरच्या कपड्यांनिशी आत आला. जयगावला राहणारे असे हजारो भूतानी परत आले, सरकारने त्यांच्यासाठी नदीकाठी तात्पुरती घरं उभारली, बाहेरून येणाऱ्याला 21 दिवस क्वारंटाईन. गेट पर्यटकांसाठी उघडलं 23 सप्टेंबर 2022 ला, बरोबर अडीच वर्षांनी.

हे ऐकताना मला आपला हायवे आठवत होता. मे 2020 मध्ये आम्ही पोरं मुंबई-आग्रा रोडवर पाणी वाटायचो, पायी गावी निघालेल्या मजुरांची रांग तुटायचीच नाही, आणि पुढे मध्य प्रदेशच्या सीमेवर बिजासनला हजारो लोक अडकलेले. एका पोराने बाटली भरून घेतली आणि विचारलं, भैया गोरखपूर कितना दूर है. मला सांगवेना. सीमा आपणही बंद केल्या, पण त्या पोराने राहायचं कुठे हे कोणी आधी ठरवलंच नव्हतं.

भूतानने लसीचंही आधी ठरवून केलं. आपल्या पुण्याच्या कोविशिल्डचे दीड लाख डोस जानेवारी 2021 मध्येच भूतानला पोचले होते. पण पुढे फेब्रुवारी-मार्चमधला एक महिना त्यांच्याकडे अशुभ, आपण पितृपाटात काही नवीन सुरू करत नाही तसं. मग थांबले, सगळ्यांना पुरतील इतके डोस येऊ दिले, तोवर याद्या तयार केल्या, आणि 27 मार्चला त्यांच्या पंचांगातल्या वानर वर्षात जन्मलेल्या एका बाईपासून सुरुवात करून दोनेक आठवड्यात 90 टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांना पहिला डोस दिला. तेव्हाचे पंतप्रधान लोटे त्शेरिंग स्वतः सर्जन. तंबाखूविक्रीवरची बंदीसुद्धा ऑगस्ट 2020 मध्ये उठवली, कारण चोरून तंबाखू आणणाऱ्यांबरोबर आजार आत येत होता. पूर्ण साथीत मृत्यू 21. लोकसंख्या आपल्या जळगाव जिल्ह्याच्या पाव भागाहून कमी हे मान्य, तरी 21 हा आकडा ऐकून आई गप्प झाली, आमच्या गल्लीतलेच चार जण गेले.

नेपाळचं मात्र वाईट झालं. 2021 मध्ये आपल्याकडे दुसरी लाट आली, पुण्याहून लस जायची थांबली, आणि पहिला डोस घेतलेले त्यांचे लाखो म्हातारे दुसऱ्याची वाट बघत राहिले. ऑक्सिजन सिलिंडर इतके कमी पडले की एव्हरेस्टवर गेलेल्यांना रिकामे सिलिंडर खाली आणा असं सांगावं लागलं. आपल्या घरात आग लागली की शेजाऱ्याचं छप्परही जळतं, ते मला तिथे जाऊन नीट कळलं.

जेवणात एमा दात्शी खा, मिरची आणि चीजची भाजी, ठेच्यावर वाढलेल्या माणसाला आवडतेच. घड्याळ अर्धा तास पुढे, ते विसरू नका. आणि जयगावला एक रात्र तरी ठेवा. परतताना ड्रायव्हरने आम्हाला त्याच्या खोलीवर नेऊन चहा पाजला. अडीच वर्षांनी कुलूप उघडलं तेव्हा कुकरमधला भात काळा दगड झाला होता म्हणे. कुकर तोच आहे अजून, रिंग तेवढी नवीन टाकलीय.