घोडबंदर ते सासवड, व्हाया मेंटेनन्स

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतून दर आषाढीच्या आधी एक बस निघते. पूर्ण वारी कोणाच्याच सुट्टीत बसत नाही, म्हणून माऊलींच्या पालखीबरोबर फक्त पुणे ते सासवड चालायचं, तरी तीसेक किलोमीटर होतात आणि शेवटी दिवे घाट. रात्री कापूरबावडीला बस भरतानाच निम्मी माणसं कळतात. खिडकीवर रुमाल टाकणारे, "मला काय, कुठेही चालेल" म्हणत बरोबर पहिली सीट धरणारे, आणि नव्या बुटांची किंमत सगळ्या बसला ऐकवणारे.

हा टप्पा योगिनी एकादशीला असतो, त्यामुळे रस्ताभर फुकट केळी, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाणा खिचडी. फुकटचं केळं दिसलं की चांगला गलेलठ्ठ पगार घेणारा माणूस असा का पळतो देव जाणे. हडपसरला रेनकोट वाटत होते तिथे आमच्यातल्या एकाने स्वतःला, बायकोला आणि "आईला" असे तीन घेतले, आई ठाण्यात आणि गुडघ्यांमुळे लिफ्टच्या पुढे जात नाही! पण म्हणून खेड्यातले सगळे संत असतात असंही नाही हां, पाण्याच्या टँकरवर गर्दी झाली की "माऊली, माऊली" म्हणत कोपर कसं मारायचं ते दिंडीवाल्यांकडून शिकावं.

आमच्या सी विंगच्या वहिनींनी एका आजींकडून डोक्यावरची तुळस मागून घेतली, फोटोसाठी. समोरून, बाजूने, मग डोळे मिटून. आजी कमरेवर हात ठेवून शांतपणे बघत होत्या. सगळं झाल्यावर वहिनी वृंदावन परत द्यायला लागल्या तर आजी म्हणाल्या, "झालं का फोटू? मग आता घी उरळीपर्यंत, माझी मान अवघडली." आणि चालायलाच लागल्या! वहिनी उरळी देवाचीपर्यंत गेल्या बरं का तशाच, आणि वडकीला जेव्हा विसाव्याला थांबलो तेव्हा दोघी एकाच ताडपत्रीवर सुनांबद्दल बोलत होत्या.

सगळ्यात मोठं कोडं म्हणजे बी विंगचे काका. पार्किंगच्या पन्नास रुपयांसाठी सोसायटीला दोनदा नोटीस पाठवलेला माणूस. घाटाच्या पायथ्याशी पाय चेपायची सेवा चालली होती तिथे हे खाली बसले, एका म्हाताऱ्या वारकऱ्याची चिखलाने भरलेली पावलं मांडीवर घेतली, आणि बाम लावत बसले ते उठेचनात. मला वाटलं माणूस बदलला. घाट चढून गेल्यावर हेच काका चहावाल्याशी सुट्ट्या दोन रुपयांवरून भांडत होते.

सासवडच्या तळावर समाज आरतीला, म्हणजे मुक्कामाला सगळ्या दिंड्या जमून होते त्या आरतीला, थांबलो ते मात्र बरं झालं. हजारो टाळ वाजत असतात, पालखीची शिस्त सांभाळणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतात आणि क्षणात सगळं गप्प. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग त्यांचं म्हणणं ऐकून निवाडा होतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, सापडलेल्या पैशांसकट. ही सगळी शिस्त हा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांपासूनची सांगतात. आमच्या सोसायटीच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, पावणेदोनशे फ्लॅट एकाच वेळी टाळ वाजवतात आणि चोपदार म्हणजे सेक्रेटरी, ते पाणी पीत बसतात.

तर येताना बसमध्ये सेक्रेटरी भारावून म्हणाले, पुढच्या एजीएमला आपण हीच पद्धत आणू, ज्याची तक्रार त्यानेच टाळ वाजवायचा, बाकी सगळे गप्प. बस एकदम शांत झाली. मागच्या सीटवरून बी विंगचे काका म्हणाले, "टाळ सोसायटीच्या फंडातून घेणार असाल तर आधी तीन कोटेशन मागवा."