हावीच्या मेणबत्त्यांच्या मागावर: हेलसिंकी ते रीहिमाकी

हिवाळ्यात फिनलंडला जायचं म्हटलं की जो तो लॅपलँडचं नाव घेतो. तिथं जरूर जा. पण मला मेणबत्त्यांचं वेड, त्यामुळे मी हेलसिंकीहून उत्तरेला जेमतेम ७० किलोमीटरवरच्या रीहिमाकीची लोकल पकडली. त्या रस्त्यानं कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून हे लिहितेय.

आधी थोडा इतिहास, नाहीतर तिकडे जाऊन नुसता रेल्वेचा फलाट दिसेल. हावी ही फिनलंडची जुनी मेणबत्ती कंपनी. ती रीहिमाकीची मूळ रहिवासी नाही. सुरुवात १८२९ साली विइपुरीत झाली, म्हणजे आज रशियात असलेल्या व्हिबॉर्गमध्ये. धंदा दुहेरी होता, साबण आणि मेणबत्त्या. यात नवल नाही, कारण त्या काळी दोन्हींचा कच्चा माल एकच, जनावरांची चरबी. नुसत्या चरबीची मेणबत्ती धूर सोडायची, वास मारायची. १८३०च्या दशकात पॅरिसमध्ये चरबीतलं ग्लिसरीन बाजूला काढून उरलेल्या घट्ट आम्लापासून स्टिअरिनच्या मेणबत्त्या बनायला लागल्या आणि युरोपभर या धंद्याचं रूपच पालटलं. पॅराफिन पेट्रोलियममधून आलं, ते नंतर.

मग युद्ध. विइपुरी १९४०च्या तहात सोव्हिएत संघाकडे गेलं, १९४१ मध्ये फिन्निश सैन्यानं परत घेतलं आणि १९४४ मध्ये कायमचं हातचं गेलं. विइपुरीभोवतीच्या कारेलिया प्रांतातले चार लाखांवर लोक घरदार सोडून पश्चिमेला आले. हावीनंही रीहिमाकीत नव्यानं बस्तान बसवलं. नकाशा उघडून बघा: सेंट पीटर्सबर्गकडे जाणारा १८७०चा लोहमार्ग रीहिमाकीतूनच फुटतो आणि वाटेत विइपुरी लागतं. म्हणजे कारखाना त्याच रुळांच्या दुसऱ्या टोकाला आला म्हणायचा.

विइपुरीही बघून येऊ, असं मनात असेल तर ते सोडून द्या. हेलसिंकी–सेंट पीटर्सबर्ग गाडी २०२२ पासून बंद आहे आणि फिनलंडनं रस्त्यावरच्या सीमाचौक्याही २०२३ च्या अखेरीला बंद केल्या.

रीहिमाकीला जायला आर लोकल सोयीची, साधारण तासाभरात पोचते. हेलसिंकीच्या शहर वाहतुकीचा पास तिथपर्यंत चालत नाही, तेव्हा व्हीआर या रेल्वे कंपनीचं वेगळं तिकीट काढा. कारखाना बघायला मिळेल अशी आशा धरून मात्र जाऊ नका. खरं बघण्यासारखं आहे ते फिन्निश काच संग्रहालय, तेही जुन्या काचकारखान्यात. स्टेशनपासून पायी अर्ध्या तासाच्या आत, पण बर्फात बूट चांगले हवेत. सोमवारी ते सहसा बंद असतं. मी सगळ्यात जास्त वेळ जाड काचेच्या वस्तूंपाशी रेंगाळले. नॅनी स्टिल, हेलेना टिनेल या काच-डिझायनरांनी रीहिमाकीच्या कारखान्यासाठी केलेली कामं इथं समोरासमोर बघता येतात. उजेडच कमी असलेल्या देशात काचेचं इतकं कौतुक का, हे तिथं आपोआप कळतं. शेजारीच शिकारीचं संग्रहालय आहे. मला त्यात रस नव्हता.

मेणबत्त्या घ्यायला खास दुकान शोधू नका, साध्या सुपरमार्केटात भिंतभर मिळतात. पाकिटावर ‘स्तेआरीनी’ लिहिलंय का ते बघा. स्टिअरिनची कांडी पॅराफिनपेक्षा कडक असते, मोडली तर खटकन तुटते आणि उबेत सहसा वाकत नाही. पुण्याच्या मे महिन्यात हे महत्त्वाचं! लांब, निमुळत्या आकाराला ‘आंतीक्की’ म्हणतात. झाकण असलेल्या, तासन् तास जळणाऱ्या जाड मेणबत्त्या थडग्यांवर ठेवायच्या असतात, त्या जेवणाच्या टेबलासाठी उचलू नका.

त्या जळताना बघायच्या असतील तर हेलसिंकीतल्या हिएतानिएमी दफनभूमीत नाताळच्या आदल्या संध्याकाळी जा. घरची माणसं थर्मास घेऊन येतात, बर्फ हातानं उकरून खळगा करतात आणि त्यात मेणबत्ती ठेवतात, वारा लागू नये म्हणून. फोटो काढायचेच असतील तर लांबून काढा.

शक्य असेल तर ६ डिसेंबर गाठाच. तो फिनलंडचा स्वातंत्र्यदिन. संध्याकाळी ६ ते ८ घरोघरी खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात. ही पद्धत १९२७ पासूनची. त्याआधी, रशियन सत्तेच्या काळात, कवी रुनेबर्ग यांच्या जन्मदिवशी मूक निषेध म्हणून खिडकीत मेणबत्त्या लावत, असं सांगतात. आपल्याकडे त्याच तारखेला चैत्यभूमीवर मेणबत्त्या लागतात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी दादरला वाढलेल्या मला तिथल्या खिडक्या बघताना ते आठवलंच. त्या दिवशी विद्यार्थी मशाली घेऊन हिएतानिएमीहून सिनेट चौकापर्यंत चालत जातात. चौकात जागा हवी तर लवकर पोचा.

त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे खरेदी आदल्या दिवशीच उरका. परतीच्या सामानात मेणबत्त्या बिनदिक्कत ठेवा, मात्र चेक-इनच्या बॅगेत काडेपेटी नको. लांब कांड्या मोज्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवल्या की सहसा मोडत नाहीत.