अर्ध्यात सोडलेल्या वह्या

शाळेचं नवं वर्ष तोंडावर आलं की कपाटातून गेल्या वर्षीच्या वह्यांचा गठ्ठा बाहेर निघतो. बहुतेक वह्यांची कथा एकच असते. पहिली चार-पाच पानं वळणदार अक्षरात, ठळक शीर्षकं, पट्टीने आखलेल्या रेघा. मग अक्षराची घसरगुंडी, मग दोन पानांवर कुणाशी तरी खेळलेली फुल्ली-गोळा, आणि त्यानंतर नुसता कोरा कागद. रद्दीत टाकवत नाही आणि नव्या वर्षी वापरवतही नाही.

बारा-तेराच्या पुढच्या मुलांसमोर चमकी आणि कागदी फुलं ठेवली की ती तोंड वाकडं करतात. त्यांचं काही चुकत नाही. त्या वयात वस्तू कामाला यायला हवी आणि चारचौघांत बाहेर काढताना लाजही वाटायला नको. याच कोऱ्या पानांतून हाताने शिवलेली नवी वही दोन्हीकडून पास होते. शिवाय ती जमली की फसली, याचा निकाल आईबाबांच्या कौतुकावर अवलंबून राहत नाही. आठवडाभर दप्तरात कोंबली की तो आपोआप लागतो.

कोरी पानं टराटरा फाडून घेण्याआधी थोडं गणित करावं. मधोमध पिना मारलेली 200 पृष्ठांची वही म्हणजे 100 पानं, म्हणजे मधून दुमडलेले 50 ताव. पहिलं पान आणि शेवटचं पान हा एकच ताव, दुसरं आणि नव्व्याण्णवावं हा दुसरा, असं मध्यापर्यंत. आता 30 पानं लिहून वही सोडली असेल, तर 31 ते 70 ही पानं दोन्ही बाजूंनी कोरी, म्हणजे 20 अख्खे ताव हाती लागतात. शेवटची 30 पानं मात्र सुटी, कारण त्यांचे जोडीदार पुढे लिहिले गेलेत. 70 पानं लिहिली असतील, तर एकही अख्खा ताव मिळत नाही. उरतात ती 30 सुटी पानं. थोडक्यात, आळशी मुलाची वही जास्त उपयोगाची. जाड वह्या बहुधा अनेक गड्ड्या शिवून, म्हणजे जुजबंदी करून केलेल्या असतात. तिथे हाच हिशेब प्रत्येक गड्डीचा वेगळा मांडायचा.

हे गणित आधी का, तर अख्खे ताव आणि सुटी पानं यांची शिवण पूर्ण वेगळी असते. दुमडलेला ताव घडीवर शिवता येतो, सुट्या पानाला घडीच नसते. दोन्ही एकत्र करून शिवायला गेलं की सुटी पानं पहिल्या दोन दिवसांत गळतात.

आधी ताव. पिना ओढून काढू नयेत, कागद फाटतो. वही मधोमध उघडून पिनेचे वळलेले पाय बोथट सुरीने सरळ उभे करावेत आणि वही उलटी करून पिन मागून उपसून घ्यावी. मग 12 ते 16 ताव एकात एक बसवून त्यांची घडी पट्टीच्या कडेने किंवा चमच्याच्या मागच्या बाजूने घासून घट्ट करावी. यापेक्षा जास्त ताव एका शिवणीत घेऊ नयेत. आतली पानं बाहेर सरकतात आणि मिटलेल्या वहीची कड उतरती दिसते. 16 तावांतसुद्धा ती दीडेक मिलिमीटर सरकतेच, पण शिवून झाल्यावर छाटता येते. शिवण्याआधी छाटण्याचा मोह आवरावा, कारण शिवताना पानं पुन्हा हलतात.

वहीची उंची 210 मिलिमीटर धरली तर पाच भोकं पुरतात: वरून 25, 65, 105, 145 आणि 185 वर. खुणा आधी कागदाच्या एका पट्टीवर करून ती पट्टी घडीत ठेवावी आणि तिच्यावरून दाभणाने टोचावं. टोचताना वही काटकोनात अर्धवट उघडलेली हवी आणि दाभणाचं टोक बरोबर घडीच्या रेषेतून बाहेर यायला हवं. सपाट उघडून टोचली की टोक घडीच्या एक-दोन मिलिमीटर बाजूला निघतं आणि शिवलेली वही कायम एका अंगाला झुकते. पिनांची जुनी भोकं सोयीच्या जागी असतील तर तीच वापरावीत. एकाच घडीत फार भोकं झाली की कागद तिथेच फाटतो.

दोरा जाड सुती घ्यावा. साधा शिलाईचा असेल तर दुपदरी. मेण चोळलेला असला तर गुंतत नाही आणि गाठ धरून ठेवतो. बारीक पॉलिएस्टरचा दोरा टाळावा, तो कागद कापतो. लांबी उंचीच्या तिप्पट पुरते. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढायची आणि आत चारेक बोटं शेपूट सोडायचं. बाहेरून वरच्या शेजारच्या भोकात आत, आतून सर्वांत वरच्या भोकातून बाहेर, तिथून परत त्याच शेजारच्या भोकात आत. मग मधलं भोक ओलांडून खालच्या बाजूला तीच फेरी, आणि शेवटी बाहेरून मधल्या भोकात आत. आता आत दोन टोकं आहेत आणि त्यांच्यामधून एक लांब टाका गेलेला आहे. त्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं टोक ठेवून गाठ मारायची. पहिल्यांदा उजवं टोक डाव्यावरून, दुसऱ्यांदा डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर गाठ दिसते पक्की आणि सुटते गणिताच्या तासाला.

सगळ्यात जास्त वह्या फाटतात त्या दोरा ओढताना. टाका सैल दिसला की मुलं दोरा सरळ आपल्या अंगाकडे खेचतात आणि भोकाची लांबट चीर होते. दोरा नेहमी घडीच्या रेषेतच, तिला समांतर ओढायचा. एवढं एक बोट धरून दाखवलं की पुढचं पुस्तक वाचून शिकता येतं.

सुट्या पानांसाठी जपानी पद्धतीची चार भोकांची शिवण आहे. तिकडे तिला योत्सुमे तोजी म्हणतात. यात घडी लागतच नाही. पानांचा गठ्ठा टेबलावर आपटून कडा एकसारख्या करायच्या, लाकडी फळीवर ठेवून दोन मोठे क्लिप लावायचे आणि कडेपासून 12 मिलिमीटर आत एक रेघ मारायची. दोन भोकं वरच्या व खालच्या टोकापासून दीड सेंटिमीटरवर, उरलेल्या अंतराचे तीन समान भाग पाडून आणखी दोन. 30-40 पानांतून दाभण हाताने जात नाही, म्हणून बारीक खिळा आणि हातोडी. फळी खाली हवीच, नाहीतर टेबलाला चार भोकं पडतील आणि प्रकल्प तिथेच थांबेल.

या शिवणीत दोरा प्रत्येक भोकातून पुढे जातो, पाठीला वळसा घालून त्याच भोकात परत येतो, मग पुढच्या भोकाकडे जातो. टोकाच्या भोकांत वरच्या-खालच्या कडेलाही एक वळसा द्यायचा. परतीच्या वाटेवर गाळलेल्या जागा भरत यायचं. म्हणजे एका भोकातून दोरा किमान तीनदा जाणार. भोक सुईपुरतं केलं की तिसऱ्या फेरीला सुई अडकते, जोर लावला की मोडते. दीड मिलिमीटरचं भोक बरं. दोरा उंचीच्या चार ते पाच पट घ्यावा, कारण मधेच संपला तर जोड लपवायला जागा नाही. शिवण दिसते सुरेख, पण ही वही सपाट उघडत नाही. कडेचे दीडेक सेंटिमीटर कागदही कायमचे गेले. त्यामुळे मोठ्या समासाची बाजू शिवणीकडे घ्यावी आणि कव्हरवर शिवणीच्या रेषेलगत बोथट सुरीने एक वळ पाडावा, म्हणजे ते तिथून मुडपतं.

सुट्या पानांना नुसता गोंद लावून भागवायचं असेल, तर पानं का सुटतात ते आधी समजून घ्यावं. गठ्ठ्याच्या कडेवर कितीही जाड थर दिला तरी गोंद प्रत्येक पानाच्या फक्त जाडीला चिकटतो, आणि ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. म्हणून गठ्ठा घट्ट धरून आधी एका अंगाला वाकवायचा, कडा पंख्यासारख्या उलगडल्या की पातळ थर द्यायचा. मग दुसऱ्या अंगाला वाकवून पुन्हा. असं केलं की गोंद प्रत्येक दोन पानांच्या फटीत किंचित आत उतरतो. वरून मलमलीची पट्टी, आणि रात्रभर वजन.

गोंदाचीही निवड असते. पांढरा पीव्हीए गोंद लवकर धरतो आणि वाळल्यावर लवचीक राहतो, म्हणून पाठीला तोच. पुठ्ठ्यावर मोठा कागद किंवा कापड चिकटवायचं तर मात्र मैद्याची खळ चांगली. एक भाग मैदा, चार-पाच भाग पाणी, आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून मग मंद आचेवर सतत ढवळत. पांढरटपणा जाऊन अर्धपारदर्शक झाली की उतरवायची. खळ उशिरा वाळते, त्यामुळे वाकडा बसलेला कागद उचलून पुन्हा लावता येतो. पीव्हीएत ही सवलत नाही. खळ दोन-तीन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करावी.

पुठ्ठ्याचं कव्हर दोन दिवसांनी धनुष्यासारखं वाकलं की दोष गोंदाला दिला जातो. खरा मामला ओलाव्याचा आहे. कागदाचे तंतू यंत्रात एका दिशेने लागलेले असतात. पाणी लागलं की कागद त्या दिशेला फारसा वाढत नाही, आडव्या दिशेला वाढतो, आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला ओढतो. तंतूंची दिशा ओळखायला कागदाचा लहान चौकोन एका बाजूने ओला करावा. तो नळीसारखा वळतो, त्या नळीची लांबी म्हणजे तंतूंची दिशा. ही दिशा पाठीला समांतर हवी, कागदाचीही आणि पुठ्ठ्याचीही. शिवाय बाहेरून कागद लावला की आतूनही लावायचाच, म्हणजे दोन्ही ओढी एकमेकींना तोलतात. मग चपटं वजन ठेवून एक रात्र विसरून जायचं. मुलांना हे विसरणं सगळ्यात अवघड जातं. दर अर्ध्या तासाने वजन उचलून बघितलं तर कव्हर वाकणारच.

पुठ्ठा दोन मिलिमीटरचा पुरतो, रायटिंग पॅडच्या मागचा असेल तर उत्तम. खोक्याचा नालीदार पुठ्ठा नको, दप्तरात पहिल्याच दिवशी चेपतो. कापताना कटर, लोखंडी पट्टी आणि चार-पाच हलके हात. एका दमात कापायला गेलं की पातं पट्टीवर चढतं. प्लास्टिकची पट्टी तर पातं सोलूनच काढतं. पातं बोथट झालं की टोक मोडून नवं घ्यावं, कारण बोथट पात्याला जास्त जोर लागतो आणि जोर लागला की ते घसरतं. घसरल्यावर कुठे जाईल ते आधी बघून मगच डावा हात ठेवायचा. कव्हरच्या कापडाचे कोपरे तिरके छाटताना पुठ्ठ्याच्या टोकापासून तीन मिलिमीटर सोडावेत. टोकाला लागून छाटले तर दुमडल्यावर कोपऱ्यातून पुठ्ठा डोकावतो, आणि तो नंतर कशानेही झाकत नाही.

पेन ठेवायला कापडी पाऊचही याच आठवड्यात होऊन जातो. बाहेरचे दोन आणि अस्तराचे दोन तुकडे, 23 बाय 13 सेंटिमीटर, 20 सेंटिमीटरची चेन, आणि मशीन नसेल तर हातटीप, म्हणजे दोरा प्रत्येक टाक्याला मागे नेऊन पुढे काढायचा. अस्तराच्या तळाशी चार बोटं जागा उघडी ठेवावी आणि कडा शिवण्याआधी चेन अर्धी उघडावी. बंद चेनीवर तिन्ही कडा शिवून टाकल्या की पाऊच उलटवता येत नाही, आणि चेनीचा दट्ट्या आत अडकलेला बाहेरून चाचपडत बसावं लागतं.

कोणती वही कशाला, हेही मुलांनीच ठरवावं, पण एक-दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात. घडीवर शिवलेली वही सपाट पसरते, ती भूमितीला द्यावी, पट्टी आणि कंपास नीट टेकतात. जपानी शिवणीची वही शब्दार्थ, पाठांतर, खेळातले गुण अशा थोडक्या नोंदींना बरी. डिंकाची वही कच्च्या कामाला ठेवावी, कारण तिच्यातून पान फाडून शेजाऱ्याला द्यायची वेळ आली तर शेजारचं पान सुटत नाही. घडीवर शिवलेल्या वहीतून एक पान फाडलं की पलीकडचा त्याचा जोडीदार सुटतो, बहुधा त्यावर गृहपाठ असतो.